उंबऱ्याबाहेरून शिकलेली भाषा

वहिनी,

तू आपल्या घरात आलीस तेव्हा चुलीवर पेज असायची. ती दोन वेळ पुरावी म्हणून माय तिच्यात पाणी वाढवत जायची. किती पाणी घातलं म्हणजे पेज ही पेज राहते आणि किती घातलं म्हणजे नुसतं धुवण होतं, हे तिनं तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तू भातावर वाढलेली पोर, मान खाली घालून शिकलीस. बाप मी चालायला लागायच्या आधीच गेला होता. दादा रेल्वेच्या गँगमध्ये लाइनवर खडी ठोकायचा, सालेकसा स्टेशनापासून दरेकशाच्या बोगद्याकडे. उन्हाळा लागला की माय मोहफुलं वेचायला जायची आणि तू तेंदूची पानं तोडायला. धानाचा एवढासा तुकडा होता, त्यातलं धान होळीपर्यंत पुरलं तर ते वर्ष चांगलं. तुझ्याजवळ एक लुगडं अंगावरचं आणि एक धुवायचं. मायजवळ एकच होतं.

मी तेव्हा नऊ वर्षांचा, नाक वाहतं, ढोपरं फुटलेली. त्या मला तू पहिल्या दिवसापासून "भाऊजी, तुमी" म्हणालीस. मी तुला "तू". पुढं मी नागपूरला कॉलेजात गेलो, धोतर जाऊन पॅन्ट आली, तरी हे काही बदललं नाही. काल तुझी तेरवी झाली. पानावर बसलेल्या लोकांना वाढता वाढता मला कुणीतरी विचारलं, "मास्तर, वयनी तुमाले काय म्हनत?" मी "भाऊजी" म्हणालो आणि वरणाचं भांडं खाली ठेवून मागच्या अंगणात गेलो.

तुझी तीन लेकरं गेली. एकही बारशापर्यंत पोचलं नाही, म्हणून एकालाही नाव नाही. त्यांच्याबद्दल बोलायची वेळ आली की तू "पहिलं", "मधलं" आणि "थे" म्हणायचीस. "थे" म्हणजे शेवटचं. त्या शेवटच्यानंतर गावानं तुझ्यासाठी एक रीत लागू केली. ती काही गावानं तुझ्यासाठी नवी काढली नव्हती, आधीपासूनचीच होती, फक्त आता तुझ्यावर आली. जिची लेकरं जगत नाहीत तिनं बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, तिची सावलीही आत पडू द्यायची नाही. कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की तू आपल्या घरी येऊन बसायचीस, बोलवणं येण्याआधी हाकलणं येऊ नये म्हणून. ही रीत घरात सगळ्यांत कडक कोण पाळायचं? माय. आणि मी? मी गप्प राहायचो. नागपूरला कॉलेजच्या वादसभेत अंधश्रद्धेवर बोलून मी पहिला नंबर काढला होता. बक्षीस मिळालेलं पुस्तक मी घरी आणून तुला दाखवलं. तू ते दोन्ही हातांनी घेतलंस, कपाळाला लावलंस आणि परत दिलंस. मी कशावर बोललो होतो हे तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलंही नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना इसाबाई आली. तिचं खरं नाव इसाबेल, ती स्पेन देशाची डॉक्टरीण. तिच्या देशात आपसातच मोठी लढाई झाली होती, त्यात तिचं घर गेलं. ती कसंबसं करत मुंबईला आली आणि तिथून आपल्या जंगलात. मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, आपलं लाकडाचं रिकामं गोदाम तिला दवाखान्याला दिलं. तिला हिंदी येत होती ती अशी: "पानी गरम, बहुत गरम, जल्दी नहीं, अभी!" इंग्रजी बरी येत होती, पण सालेकशात इंग्रजी कुणाशी बोलणार? स्टेशनमास्तराशी दोन शब्द बोलायची. बाकी वेळ हातवारे.

तिला मदतनीस पाहिजे होती. गावातली एकही बाई जाईना. गोऱ्या बाईच्या हातचं पाणी पिलं की बाटलो, एवढी सोपी भीती होती. तू गेलीस, कारण तुला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. माय म्हणाली, "जाऊ दे. घरी बसून लोकाइच्या पोराइकडे पाहत राहते, त्यापेक्षा बरं." ते तिनं तुझ्यासमोरच म्हटलं. तू पदर खोचलास आणि गेलीस.

आणि तिथंही तू रीत पाळलीस. हे मला फार उशिरा कळलं. इसाबाईला वाटायचं तुला रक्ताची भीती वाटते. गोदामाच्या एका कोपऱ्यात बाळंतिणीसाठी खोली केलेली, तिला दार. तू त्या दाराबाहेर पाठ करून उभी राहायचीस. आतून हाक आली की वस्तू उंबऱ्यावर ठेवायचीस आणि मागं सरायचीस. आत काय चाललंय ते तुला दिसायचं नाही. तिला घाई व्हायला लागली की हिंदी सुटायची आणि तिची स्वतःची बोली तोंडात यायची. सुरुवातीला ती वस्तूचं नाव घ्यायची. पालांगाना म्हणजे घमेलं, पान्यो म्हणजे फडकं, इलो म्हणजे दोरा, तिखेरास म्हणजे कात्री. पण घाईत कोण नाव घेतं? "त्राएला!" म्हणायची. ते आण. किंवा "त्राएलो!" ते आण. किंवा "त्राएलास!" ती आण.

आपल्यासारख्या माणसाला वाटेल, हे तिन्ही एकच. पण तू बाहेर उभी होतीस, बोट दाखवलेलं तुला दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. तेव्हा तू काय केलंस? शेवटचा तुकडा कान देऊन ऐकलास. "ला" आला तर घमेलं किंवा पाणी. "लो" आला तर फडकं किंवा दोरा. "लास" आला तर कात्री, कारण त्यांच्याकडं कात्रीला दोन पाती म्हणून अनेकवचन. एखादी वस्तू चुकली की आतून ओरडा यायचा आणि तू दुसरी ठेवायचीस. दोन महिन्यांत चुकणं बंद झालं. इसाबाईला कळलंही नाही की आपण ओरडून भाषा शिकवतोय.

मी उन्हाळ्याच्या सुटीत आलो तेव्हा घरी अंगणात तू मला म्हणालीस, "भाऊजी, थो पाट आना." आणि मी आणला तसं हसून म्हणालीस, "त्राएलो."

मी विचारलं, "हे काय?"

"इसाबाईची बोली. तुमाले इंग्रजी येते न, मंग हे तं येतच असन."

माझा अभिमान दुखावला. आपल्या घराण्यात मी पहिला मॅट्रिक, पहिला कॉलेजात गेलेला, आणि निरक्षर वहिनी मला न येणारी भाषा बोलतेय! मी दुसऱ्याच दिवशी इसाबाईकडं जाऊन तिच्याजवळचं व्याकरणाचं पुस्तक मागून आणलं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "सगुना की भाई?" मी हो म्हणालो. तुझ्या नावानं ओळखला जाण्याची ती माझी पहिली वेळ.

मग मी वहीत कोष्टकं पाडायला बसलो. "लो" म्हणजे त्याला किंवा ते, "ला" म्हणजे तिला किंवा ती, "लोस", "लास" अनेकांसाठी. क्रियेचा परिणाम ज्याच्यावर होतो त्याच्या नावाच्या जागी हा शब्द घालायचा. साध्या वाक्यात तो क्रियापदाच्या आधी येतो: ला लावो, मी तिला धुते. आज्ञेत तो क्रियापदाला मागून चिकटतो: लावाला, तिला धू. आणि नकाराच्या आज्ञेत पुन्हा पुढं येतो: नो ला लावेस, तिला धुऊ नको. पुस्तकात यावर तीन पानं होती. मी ती तीन दिवस घोकली. तू ओसरीवर तेंदूची पुडकी बांधत होतीस.

"कागद कायले काळा करून राहिले भाऊजी?"

मी मोठ्या ऐटीत तुला नियम सांगितला. तू पुडकं बाजूला ठेवलंस आणि म्हणालीस, "असं म्हना ना. नुसतं सांगून राहिलं असन तं थो शब्द पुढं चालते, गाडीपुढं बैल चालते तसा. हुकूम केला का मागं जाऊन बसते, लेकरू पाठीशी बांधलं तसं. अन् नको म्हटलं का लेकरू पाठीवरून उतरून पुढं येते."

मी वहीत पाहिलं. एक अक्षर चुकलं नव्हतं.

चिडून मी परीक्षा घ्यायला लागलो. "पाणी, एल आग्वा. ते आण, कसं म्हणशील?"

"त्राएला."

"चूक! एल आग्वा आहे. एल म्हणजे पुल्लिंगी. त्राएलो व्हायला पाहिजे."

"ला. पानी बाई आहे."

"पुस्तकात एल आहे, वहिनी."

"मंग पुस्तकाले तहान लागली नसन."

माय आतून हसली. मला राग आला. नंतर मी पुस्तक पाहिलं तर खाली बारीक अक्षरात टीप होती: आग्वा हा शब्द स्त्रीलिंगीच, फक्त ऐकायला बरं वाटावं म्हणून पुढं एल लावतात. ती टीप मी तुला दाखवली नाही, वहिनी. आज इतक्या वर्षांनी सांगतोय. पानी बाईच आहे.

त्या भांडणात मी शेवटी असं काही बोललो की जे अजून माझ्या तोंडात कडू लागतं. मी म्हणालो, "तुला भाषा येत नाही, वहिनी. तुला हुकूम समजतो. बैलालाही हुकूम समजतो."

तू पुडकं उचललंस. गाठ आवळलीस. मग म्हणालीस, "तुमाले भाषा येते न? मंग इसाबाईले इचारा बरं, थे दुपारी खिडकीपाशी उभी राहून काय बोलते."

मी विचारलं नाही, पण ऐकलं. एक दिवस पुस्तक परत करायला गेलो तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "लो बुस्को. लो एस्पेरो." त्याला शोधतेय. त्याची वाट पाहतेय. नाव कुठंच नाही. घरी येऊन मी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "माले माहीत आहे. पोरगा आहे तिचा. लढाईत हरवला. नाव घेत नाही थे. आपन जेचं नाव घेत नाही थो काय आपला नसते?" दादाचं नाव तू जन्मात घेतलं नाहीस, आणि तुझ्या तिघांना तर नावंच नव्हती. मी पदवीकडं चाललेला माणूस तुझ्यापुढं उभा होतो. मी म्हणालो, "पेज आहे का?"

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. माझ्या बायकोला, जनाला, आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी न होता आपल्या घरी आलं. ज्येष्ठातली दुपार होती. मी बी.ए.ची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरीच होतो. सकाळी भागरता दाई आली. अर्धं गाव तिच्या हातून निघालेलं, तिचं घरात वजन होतं. माय खोलीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली. मला दिसत होतं की ती तिथं तुला अडवायला बसली आहे. तू विहिरीजवळ होतीस, पाठ करून.

दुपार होईस्तो भागरता दमली. आतून तिचा आवाज आला, "नाही सरकून राहिलं व. माझे हात लटलट करून राहिले." मी चप्पल न घालता दवाखान्याकडं पळालो. इसाबाई आली, पिशवी घेऊन, केस मोकळे, आणि थेट आत घुसली. भागरता बाहेर येऊन ओसरीवर बसली. "आता थे गोरीच पाहीन," म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला.

आतून हुकूम सुरू झाले. "त्राएला!" तू पाण्याचं घमेलं उंबऱ्यावर ठेवलंस. "त्राएलो!" फडकं ठेवलंस. मी दारापाशी वही घेऊन उभा. मला वाटलं आता माझं काम आहे, मी सांगेन आत कुणाला काय करायचं. तेवढ्यात इसाबाई ओरडली, "सुखेताला! सुखेताला!"

मी मोठ्यानं म्हणालो, "धरा! तिला धरा, म्हणते!"

माय म्हणाली, "कोनाले धरा?"

"तिला."

"तिले म्हंजे कोनाले? आत तं कोनी नाही." आत दोनच बाया होत्या, जना आणि इसाबाई. धरायला तिसरी कुणी नव्हती. भागरताचे हात दमून गेले होते. मायच्या म्हाताऱ्या हातांत तेवढं बळ नव्हतं.

मायनं तुझ्याकडं पाहिलं. "काय म्हनते थे?"

तू विहिरीजवळून म्हणालीस, "जनाबाईले मागून धर म्हनते, माय. पाठ टेकू दे म्हनते."

"मंग उभी काय राहिली?"

तू हलली नाहीस. तू म्हणालीस, "माय, मी?"

वहिनी, मी तिथं दोन हातांवर होतो. बी.ए.चा निकाल यायचा होता, वादसभेतलं बक्षीस घरी कोनाड्यात होतं. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बोलली ती माय. तिनं पसरलेले पाय आखडून घेतले, आत जायला वाट केली आणि म्हणाली, "तूच! आनखी कोन? तुले त्या बाईची बोली समजते. ये ना व, पोरीचा जीव जाऊन राहिला!" आणि तू जवळ येताच तुझा हात धरून तिनंच तुला आत ओढलं. ती रीत लागल्यानंतर बाळंतिणीच्या खोलीत तू पहिल्यांदा गेलीस ती मायच्या हाताला धरून.

मग मला आतलं काही दिसलं नाही. ऐकू आलं. इसाबाईचा आवाज, तुझा आवाज, जनाचं ओरडणं, मग "नो ला सुएल्तेस! नो ला सुएल्तेस!", तिला सोडू नको, सोडू नको. मग बराच वेळ नुसता श्वास. मी अंगणात दोन खेपा घातल्या. भागरता पदराखालून म्हणाली, "बस ना रे, पोरा. तुझ्या फिरन्यानं काय होते?" मग बाळाचा आवाज आला आणि इसाबाई हसून ओरडली, "कोखेला!" घे तिला. तिला. मला कळलं, मुलगी आहे. अंगणात ते कळलं फक्त मला एकट्याला. आणि मग तुझा आवाज आला, हळू, कुणी विचारलं नसताना: "ला तेंगो." माझ्या हातात आहे ती.

हा हुकूम नव्हता, कुणी दिलेला नव्हता. शब्द क्रियापदाच्या पुढं होता, गाडीपुढं बैल चालतो तसा.

जना आणि पोरगी दोघी सुखरूप होत्या. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या पदराला रक्त होतं आणि तू मायच्या पायाशी बसलीस. माय म्हणाली, "हात धू आधी." मग तिनंच पाणी घातलं तुझ्या हातावर. एवढंच. तुमच्या दोघींत त्या दुपारबद्दल मी पुढं कधी एक शब्द ऐकला नाही.

त्यानंतर भागरतानंच एका घरी तुझं नाव सांगितलं. "माझ्यानं होत नाही आता, त्या गँगमनच्या बायकोले बोलवा," असं ती म्हणाली. पहिल्या घरी सासूनं तुला ओसरीवरच बसवलं. दुसऱ्या घरी दाराशी. तिसऱ्या घरी आत. एकदा नदीपलीकडच्या टोल्यावरून, तिथल्या लहानशा वस्तीतून, गोंडांची एक बाई तुला न्यायला आली, तर माय म्हणाली, "आधी पेज खाऊन जा." तुझ्या हातात भाकरीही दिली.

मग आपण भंडाऱ्याला गेलो. इसाबाई तुला म्हणाली होती, सरकारी दाईचा दाखला घे, म्हणजे मी गेल्यावरही कुणी तुला अडवणार नाही. ती जाणार हे तेव्हाच ठरलं होतं, आता जगभरची ती मोठी लढाईही संपली होती आणि तिला तिच्या पोराला शोधायला परत जायचं होतं. दादा, तू आणि मी असे तिघं गोंदियाला गाडी बदलून भंडारा रोडला उतरलो आणि टांग्यानं गावात गेलो. तिथं कारकून नाव लिहून घेत होता.

"नाव?"

"सगुना."

"नवऱ्याचं नाव?"

तू पदर डोक्यावर पुढं ओढलास.

"अहो बाई, नवऱ्याचं नाव सांगा, कागदावर लागतं."

"हे," तू म्हणालीस.

"हे म्हणजे कोण?"

"हे उभे आहेत न." आणि तू दादाकडं न पाहता मागं बोट दाखवलंस. दादा खांबाआड झाला, फेट्याचं टोक हातात फिरवत.

"याला नाव आहे का नाही?"

"असन ना. गावाले माहीत आहे."

मी मग सांगितलं. कारकुनानं कपाळाला हात लावला. शेजारच्या टेबलावर परीक्षा घेणारी डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, "लिहा, लिहा. हिला नाव घेता येत नाही तर राहू द्या, बाळंतपण करता आलं म्हणजे झालं." मग तिनं तुला नाळ कधी बांधायची, हात किती वेळा धुवायचे, बाळ आडवं असलं तर काय, सगळं विचारलं. तू एकदाही अडखळली नाहीस. बाळ उलटं असलं तर काय, यावर तू म्हणालीस, "बाईले सोडाचं नाही." तेवढंच. डॉक्टरीण मान डोलावत लिहीत राहिली.

आता ती गोष्ट जी मी तुला सांगायला पाहिजे होती.

इसाबाई गेल्यानंतर सात-आठ महिन्यांनी तिचं पत्र आलं. पाकीट तुझ्या नावाचं होतं, सालेकसा स्टेशनाच्या पत्त्यावर. स्टेशनमास्तरानं घरी पाठवलं. मी सुटीला आलेलो. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो. पत्र स्पॅनिशमध्ये होतं, साध्या वाक्यांत, तुला कळावं म्हणूनच तसं लिहिलेलं. चौथी ओळ होती, "लो एंकोंत्रे." मी थांबलो. हा भूतकाळ. पुस्तकाच्या पुढच्या भागात असतो, तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो. मी वही काढायला उठलो.

तू म्हणालीस, "सापडला!"

तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माय घाबरून म्हणाली, "काय झालं व?" तू म्हणालीस, "इसाबाईचा पोरगा सापडला, माय. जिवंत आहे."

मी पुढचं वाचलं. खरंच तसंच होतं. पोरगा फ्रान्समध्ये एका शेतावर काम करत होता. मी तुला विचारलं, "वहिनी, भूतकाळाचं रूप तुला कुणी शिकवलं?"

"कोनी नाही. 'लो' आईकलं, अन् तुमचा आवाज आईकला. तुमाले वाचता वाचता हसू आलं होतं."

मला हसू आलं होतं? मला माहीतही नव्हतं. शब्दाचा अर्थ माझ्या आधी माझ्या तोंडानं ओळखला होता, आणि तू माझ्या तोंडावरून वाचलास. तेव्हाच मी म्हणायला पाहिजे होतं की, वहिनी, मी त्या उन्हाळ्यात बैलाचं जे बोललो ते चूक होतं, तुला भाषा येते. म्हटलं नाही. मी वही बंद केली आणि म्हणालो, "चहा कर ना." तू केलास.

आपला वाद तसाच राहिला. मी अजूनही म्हणतो की नियम शिकायला पाहिजे. गोंदियाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो, तिथं पोरांना नियम न सांगता भाषा शिकवता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंग थे पोट्टे बोलत काऊन नाही?" आणि मला उत्तर देता आलं नसतं, हे मी मान्य करतो. पण वाद सोडला असं समजू नको.

श्रावणात तू पिपरटोल्याला बाळंतपणाला गेलीस. नाला भरलेला होता, तू कंबरभर पाण्यातून गेलीस आणि आलीस. तिथली बाई आणि बाळ दोघं बरी आहेत, काल तेरवीला तो बाप आला होता, बाळाला घेऊन. तुला ताप चढला. हिवताप. औषध गोंदियाहून आणलं, ते उशिरा झालं. तू आजारी असताना मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुला बोलता येत नव्हतं आणि दादा तुझ्या उशाशी बसला होता. मी तुझा हात धरला. मला म्हणायचं होतं ते मी तेव्हाही म्हटलं नाही. सोबत बसलेल्या बाया पाहून मी ओशाळलो. त्यांच्यातली एक भागरता होती, तिनं तुझ्या पायाला तेल चोळत मला सांगितलं, "मास्तर, हिच्यासारखी दाई आमच्या टोल्यात झाली नाही." हे तू माझ्या तोंडून ऐकायला पाहिजे होतंस, आणि सांगत ती होती.

दाखल्याचा कागद दादानं आपल्या ट्रंकेत ठेवला आहे. त्याच्यावर तुझं नाव आहे आणि दादाचंही, जे तू घेतलं नाहीस. दादा परवा तो कागद काढून बसला होता. त्याला वाचता येत नाही. मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "आखीन एकदा वाच." मी वाचला.

तर वहिनी, आता लिहून देतो, कुणाला ऐकू जावो न जावो. तुला ती भाषा येत होती. माझ्याआधी आली आणि माझ्यापेक्षा चांगली आली.

मी आपल्या घरातला पहिला बी.ए. झालो. तू दाखला मिळवलेली दाई झालीस, आणि शेवटच्या दोन वर्षांत सालेकशात किंवा आसपासच्या टोल्यांवर बाळंतपण आलं की लोक सगळ्यांत आधी तुला बोलवायला यायचे.